शिकारीचं पान गाळू नका

घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगा ८ वर्षांचा, मुलगी ५ वर्षांची. दोघांना जगभर गाजलेल्या जुन्या प्राणिकथा वाचून दाखवायच्या आहेत, पण त्यांत प्राणी एकमेकांना मारतात, खातात. आई ती पानं गाळून वाचते आणि मुलाच्या ते बरोबर लक्षात येतं. या गोष्टींतले प्राणी बोलतात, त्यामुळे चुकीची माहिती डोक्यात बसेल, असं बाबांचं म्हणणं. त्यात शेजारच्या सोसायटीच्या कॅमेऱ्यात रात्री बिबट्या दिसला, तेव्हापासून मुलगा खिडकी घट्ट लावून झोपतो. अशा वेळी ‘जंगल बुक’मधला बघीरा हा काळा बिबट्या वाचावा का?

मी ठाण्यात मुलांबरोबर गोष्टी वाचते आणि त्याच मुलांना घेऊन येऊरच्या पायवाटांवर, ऐरोलीच्या खाडीकाठी हिंडते. ही दोन्ही कामं शेजारी शेजारी चालत आल्यामुळे माझं मत पक्कं आहे. मुलाच्या वयाला पेलेल अशी गोष्ट निवडा, हवा तेवढा वेळ घेऊन निवडा. पण एकदा हातात घेतली की तिच्यातली भूक आणि शिकार कापू नका. वाघा-बिबट्याची भूक काढून घेतली की मागे एक तर गोंडस खेळणं उरतं, नाही तर उगाच दुष्टपणा करणारा खलनायक. येऊरचं जंगल म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची आपल्या बाजूची कड. शंभरेक चौरस किलोमीटरचं हे जंगल, त्यात बिबटे राहतात, आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून आपल्या इमारती उभ्या आहेत. बिबट्याला खेळणं समजणारं मूल मोबाईल घेऊन त्याच्या मागे जाईल, खलनायक समजणारं मूल मोठेपणी ‘पकडून न्या त्याला’ म्हणून सह्या गोळा करेल. दोघांनाही खरा बिबट्या कोणी सांगितलेलाच नसतो.

सुरुवात मात्र बघीरापासून करू नका. रुडयार्ड किपलिंगच्या ‘जंगल बुक’मध्येच ‘रिक्की-टिक्की-टावी’ नावाची मुंगसाची गोष्ट आहे, ती आधी घ्या. किपलिंगचा जन्म मुंबईचा, १८६५ चा. पुस्तक आलं १८९४ मध्ये. (ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्याच्या आदल्या वर्षी सुरू झालं, म्हणजे ही गोष्ट आपल्या वाचनालयाच्या वयाची आहे.) गोष्ट घडते बिहारमधल्या सुगौलीच्या छावणीतल्या एका बंगल्यात आणि त्याच्या बागेत, आणि तिच्यातले बहुतेक प्राणी ठाण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीच्या आवारात सापडतात.

त्यातली चिचुंद्री बघा. ती रात्रभर भिंतीच्या कडेकडेनं फिरते, खोलीच्या मध्यभागी यायचं धाडस तिला काही केल्या होत नाही, आणि त्याबद्दल ती मुसमुसत असते. मुसमुसणं किपलिंगचं, भिंत धरून चालणं मात्र शंभर टक्के चिचुंद्रीचं. तळमजल्यावर राहणाऱ्या कुणालाही विचारा. शिंपी पक्ष्याचं घरटंही तसंच: दोन मोठी पानं ओढून जवळ आणलेली, कडा धाग्यांनी शिवलेल्या, आत कापूस आणि मऊ पिसं. पावसाळ्यात बागेतल्या रुंद पानांच्या झुडपात हे घरटं शोधायला लावा, मुलं तासभर हलत नाहीत. फक्त पानाला हात लावू द्यायचा नाही. गावभर बातमी पोचवणारा तांबट आहे. उन्हाळ्यात दुपारी उपवनच्या झाडांतून जो ‘टुक टुक टुक’ आवाज एका लयीत येत राहतो, तो त्याचाच. नाग मारला गेल्याची दवंडी हाच पक्षी पिटतो.

आणि मुंगूस. मुंगसाला साप चावला की ते कुठलीशी मुळी खाऊन येतं, ही समजूत आपल्याकडे अजून घट्ट आहे. किपलिंगनं ती गोष्टीतच खोडून काढली आहे: मुळीबिळी काही नाही, सगळा खेळ नजरेच्या आणि पायांच्या चपळाईचा. पुढे शास्त्रज्ञांना मुंगसाच्या शरीरातही काही सापडलं. नागाचं विष स्नायूंच्या ज्या जागी जाऊन चिकटतं, त्या जागेची ठेवण मुंगसात थोडी वेगळी असते, म्हणून त्याला विष बऱ्याच प्रमाणात सोसतं. पण मुळी खोटी ती खोटीच.

याच गोष्टीत चुकाही आहेत, आणि बाबांच्या शंकेचं उत्तर त्यांच्यातूनच मिळतं. नाग-नागीण जोडीनं राहतात, एक मेला की दुसरा सूड घेतो, हे खरं नाही. ‘करैत’ म्हणून आलेला मातकट रंगाचा, धुळीत पडून राहणारा छोटा साप वर्णनावरून मण्यार वाटतच नाही. मण्यार काळीभोर, अंगावर पांढरे पट्टे असलेली आणि रात्री फिरणारी. हे वर्णन फुरशाला जास्त जुळतं. या गोष्टी मी वाचून झाल्यावर मुलांना सांगते, मध्येच थांबून नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही आपल्या भागात आहेत, तेव्हा ही माहिती नुसती पुस्तकापुरती राहत नाही.

बोलण्याचं म्हणाल, तर बोलणाऱ्या प्राण्यानं मूल फसत नाही. ५ वर्षांच्या मुलीलाही ठाऊक असतं की चिमणी बोलत नाही. फसवणूक होते ती प्राण्याच्या वागण्यात खोट मिसळली की. म्हणून पुस्तक निवडताना एकच बघा: हा प्राणी काय खातो, कुठे झोपतो, कशाला घाबरतो, हे त्याच्या जातीला धरून आहे का? असेल तर त्याला खुशाल बोलू द्या. उलट अजिबात न बोलणारा, ‘खरीखुरी’ म्हणून सांगितलेला प्राणीही खोटा असू शकतो. अमेरिकेत यावरून मोठा वाद झाला होता. अर्नेस्ट थॉम्प्सन सेटन यानं १८९८ मध्ये जंगली प्राण्यांची चरित्रं लिहिली आणि सगळं खरं आहे असा दावा केला. त्यांत एक कोल्हीण साखळीला बांधलेल्या आपल्या पिल्लाला सोडवता येत नाही म्हणून विष आणून देते. जॉन बरोज या जुन्या निसर्गलेखकानं १९०३ मध्ये अशा लेखनावर कडाडून टीका केली. १९०७ मध्ये तर खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट त्या वादात उतरले. कोल्हिणीबद्दल मी बरोजच्या बाजूची आहे. तरीही सेटनची ‘लोबो’ ही लांडग्याची गोष्ट मोठ्या मुलांना जरूर द्यावी. न्यू मेक्सिकोतल्या गुरांच्या मालकांना छळणारा लोबो कुठल्याच सापळ्यात सापडत नाही. शेवटी त्याची जोडीदारीण ब्लांका मारली जाते, तिच्या मागावर येऊन तो अडकतो, आणि बांधून ठेवलेल्या जागी अन्नपाण्याला तोंड न लावता मरतो. सापळे लावणारा माणूस लेखक स्वतःच होता. ते त्यानं लपवलं नाही, आणि त्या गोष्टीची ताकद तिथेच आहे. ११-१२ वर्षांच्या आत नको.

आजीच्या पंचतंत्राचं काय, हे कोणी ना कोणी विचारतंच. पंचतंत्र हवंच, पण ते प्राण्यांबद्दलचं पुस्तक नाही. राजाच्या तीन मुलांना व्यवहार शिकवायला विष्णुशर्म्यानं सांगितलेल्या त्या गोष्टी. करटक आणि दमनक हे दरबारातले कारस्थानी आहेत, अंगावर कातडी कोल्ह्याची एवढंच. तरी सांगणाऱ्याचं जंगलाकडे लक्ष होतं. दमनकासारखे कोल्हे सिंहाच्या उरल्यासुरल्यावर जगतात, आणि खरा कोल्हाही मोठ्या शिकारी जनावराच्या मागे मागे फिरतो. शेकडो वर्षांनी किपलिंगचा कोल्हा, तबाकी, नेमकं तेच करतो. हाच कोल्हा आज नवी मुंबईच्या खारफुटीत राहतो आणि तिथे खेकडे, उंदीर खाऊन पोट भरतो, हे मुलांना सांगितलं की ती आधी विश्वासच ठेवत नाहीत.

आता मोगली. ‘जंगल बुक’मध्ये मोगलीच्या तीन गोष्टी आहेत, पुढच्या वर्षी आलेल्या दुसऱ्या भागात आणखी काही. मराठीत अनुवाद आणि रूपांतरं बरीच मिळतात. त्यांतली कितीतरी मूळ पुस्तकावरून नाही, १९६७ च्या कार्टूनपटावरून बेतलेली असतात. विकत घेण्याआधी दुकानात उभ्या उभ्या दोन जागा तपासा. पहिली, लांडग्यांची सभा. मोगलीला टोळीत ठेवून घ्यायचं तर कोणीतरी त्याच्यासाठी बोललं पाहिजे आणि किंमत मोजली पाहिजे. बालू अस्वल बोलतो. बघीरा नुकताच मारलेला एक धष्टपुष्ट बैल किंमत म्हणून देतो. तो बैल पुस्तकात आहे का? मोगलीचा जीव एका जनावराच्या जीवावर वाचला, आणि पुढे वर्षानुवर्षं बघीरा त्याला त्याची आठवण देतो: बैलाच्या मोलानं तुला विकत घेतलंय, तेव्हा गुरांना हात लावायचा नाही. हे गाळलं तर बघीरा आणि मोगलीचं नातं पोकळ होतं.

दुसरी जागा ‘का’ नावाच्या अजगराची. कार्टूनमध्ये तो लबाड शत्रू आहे. पुस्तकात तो मित्र. माकडांनी पळवून नेलेल्या मोगलीला पडक्या नगरातून सोडवतो तो हा अजगरच. आणि मग, सुटका झाल्यावर, तोच अजगर चांदण्यात आपला भुकेचा नाच सुरू करतो, माकडं एकेक पाऊल त्याच्याकडे सरकू लागतात, बालू आणि बघीरासुद्धा खेचले जातात, आणि मोगलीच्या हाताच्या स्पर्शानं भानावर येतात. साप कोणाला मंत्रमुग्ध करत नाही, ते किपलिंगचं. पण उपकार करणारा मित्र त्याच रात्री भुकेलाही असू शकतो, आणि त्यात दुष्टपणा काही नाही, हे मुलांच्या साहित्यात इतक्या सरळपणे मी दुसरीकडे वाचलेलं नाही. माकडांचं पुढे काय झालं, असं मुलं विचारतात. ‘अजगर जेवला’ एवढं उत्तर पुरतं.

शेरखान वाघाबद्दलही एक बारकावा आहे, तो बहुतेक रूपांतरांत हरवतो. तो जन्मापासून एका पायानं लंगडा आहे. म्हणून त्याला रानातली चपळ शिकार जमत नाही, म्हणून तो गुरांवर जातो, म्हणून गावकरी चिडतात. जंगलाचा कायदा माणूस मारायला मनाई करतो, त्याचं कारणही रोखठोक आहे: माणूस मारला की आज ना उद्या हत्तींवरून बंदुका येतात, मशाली आणि ढोल येतात, आणि सगळ्या जंगलाला भोगावं लागतं. जिम कॉर्बेटचं कुमाऊँच्या नरभक्षकांवरचं पुस्तक १९४४ चं. जखमी झालेला किंवा शिकारीला असमर्थ झालेला वाघ माणसाकडे वळतो, हे त्यानं स्वतःच्या अनुभवावरून मांडलं. चंपावतच्या वाघिणीचे सुळे गोळी लागून तुटलेले होते. किपलिंगनं त्याच्या पन्नास वर्षं आधी शेरखानला लंगडा पाय दिला होता. लंगडा पाय गाळलात तर शेरखान नुसता वाईट उरतो.

चुका सांगायच्याच तर इथेही आहेत. लांडग्यांची टोळी म्हणजे सभा भरवणारं गणराज्य नव्हे. आई, बाप आणि त्यांची लहानमोठी पिल्लं असं ते कुटुंब असतं. (शाळेत कब पथकात असलेल्या मुलांना या टोळीचा म्होरक्या ‘अकेला’ माहीत असतो, कारण १९१६ मध्ये स्काउट चळवळीच्या बेडन-पॉवेलनं लहान मुलांचं पथक बांधताना हीच टोळी उचलली.) आणि दुष्काळात पाणवठ्यावर कोणी कोणाला मारायचं नाही, हा किपलिंगचा सुंदर नियम खऱ्या जंगलात नाही. उन्हाळ्यात वाघ पाणवठ्याजवळच टपून बसतो.

आता मरणाची पानं कशी वाचायची. आवाज बदलू नका. मुलं शब्दांपेक्षा आपल्या आवाजाला जास्त घाबरतात. एकदम हळू आणि गंभीर झालात की ती सावध होतात. ज्या लयीत बाकीचं वाचलं, त्याच लयीत तेही वाचा, आणि पान संपल्यावर क्षणभर थांबा, म्हणजे प्रश्न यायला जागा मिळते. मुंगूस नागिणीची अंडी फोडतं त्या जागी आमच्या वाचनात एका मुलीनं विचारलं होतं, “पिल्लांनी काय केलं होतं?” मी म्हणाले, “काहीच नाही.” ती बराच वेळ गप्प होती, मग शेजारच्या मुलाशी तिचा वाद सुरू झाला, मुंगसाचं बरोबर की चूक. त्या वादात मी पडले नाही. गोष्टीतल्या घरमालकानं नागावर बंदूक झाडली. आज १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं नागाला संरक्षण आहे आणि आपण सर्पमित्राला बोलावतो, एवढं मात्र नंतर सांगितलं. मूल रडलं तर रडू द्या. पुस्तक मिटून दुसऱ्या दिवशी पुढे वाचा, पण ‘तो मेला नव्हता, झोपला होता’ असं कधी म्हणू नका. त्यानंतर ते मूल तुमच्या कुठल्याच गोष्टीवर विश्वास ठेवत नाही.

खिडकी लावून झोपणाऱ्या मुलाला आधी कॅमेऱ्यातल्या बिबट्याचं समजावून सांगा. तो एकटा राहतो, रात्री फिरतो, माणसाला टाळतो. जंगलाच्या कडेच्या बिबट्यांच्या खाण्यात भटके कुत्रे बरेच असतात, आणि कुत्रे असतात कचऱ्यापाशी. म्हणजे सोसायटीचा उघडा कचरा हीच बिबट्याची वाट. मुलाला हे कळलं की भीतीला करण्यासारखं काहीतरी मिळतं: कचऱ्याचं झाकण, आवारातला दिवा, अंधारात एकट्यानं खेळायला न जाणं, रस्त्यानं बोलत बोलत चालणं. बिबट्या दिसलाच तर त्याच्या मागे धावायचं नाही, त्याला घेरायचं नाही, जायला वाट द्यायची. वारली पाड्यांतून वाघोबाची ठाणी असतात, दिवाळीच्या तोंडावर वाघबारस होते, पोरांना आणि गुरांना सांभाळ असं त्याला सांगितलं जातं. भीती आहे आणि मानही आहे. आपल्या टॉवरमधल्या मुलांना यातलं एकही धड मिळत नाही.

मग बघीरा वाचा. तो बिबट्याच आहे, वेगळी जात नाही. काळा रंग जन्मजात असतो आणि उजेडात त्याच्या अंगावरचे ठिपके दिसतात. किपलिंगनं तेही टिपलंय, रेशमी कापडावरच्या पुसट वेलबुट्टीसारखे. त्याच्या गळ्याखाली केस गेलेली एक छोटी जागा आहे. उदेपूरच्या राजाच्या पिंजऱ्यात तो जन्मला, त्याची आई तिथेच मेली, आणि एका रात्री पंजाच्या फटक्यानं कुलूप तोडून तो निघाला. ती खूण गळ्यातल्या पट्ट्याची. ही जागा मोगलीखेरीज कोणाला माहीत नाही. ८ वर्षांचं मूल हे ऐकताना स्वतःच्या गळ्याला हात लावून बघतं.

यानंतरचं थोडक्यात सांगते. ‘ब्लॅक ब्यूटी’ ९-१० वर्षांना. ॲना स्यूअलनं १८७७ मध्ये ती मुलांसाठी लिहिलीच नव्हती, घोडे हाकणाऱ्यांसाठी लिहिली होती. घोडा स्वतः बोलतो, पण तक्रार करतो ती मान वर ताणून धरणाऱ्या लगामाची, ओझ्याची, चढाची. वाचून माथेरानला गेलात तर मुलं घोड्यावर बसण्याआधी त्याच्या तोंडातली कडी आणि पाठ बघतात. ‘बांबी’ हे हरणाचं पुस्तक व्हिएन्नाच्या फेलिक्स झाल्टनचं, १९२३ चं. चित्रपटावरून त्याचा अंदाज बांधू नका. त्यात हरणांना माणूस तीन हातांचा वाटतो, तिसरा हात म्हणजे बंदूक. झाडावर उरलेली दोन पानं गळण्याआधी एकमेकांशी बोलतात, असं एक प्रकरणही आहे. १२ च्या पुढे द्या. धनगोपाळ मुखर्जींची ‘गे-नेक’ ही कोलकात्याच्या कबुतराची गोष्ट आपल्याकडे कोणी वाचत नाही, याचं मला वाईट वाटतं. बालसाहित्यासाठीचं अमेरिकेतलं न्यूबेरी पदक तिला १९२८ मध्ये मिळालं होतं. तिच्यातल्या कबुतराचं नाव चित्रग्रीव, म्हणजे पंचतंत्रात जाळ्यासकट उडून जाणाऱ्या कबुतरांच्या राजाचं. कबुतर पाळणं, त्याला उडायला शिकवणं, ससाण्याची झडप, सगळं त्यात इतकं तपशिलानं आहे की ते वाचताना मुलं आकाशाकडे बघायला लागतात.

धाकटीला यातलं काहीच नको, अजून दोन-तीन वर्षं तरी. तिला ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ सांगा, आणि तीही न कापता. वाघ म्हातारीला सरळ म्हणतो, मी तुला खाणार. म्हातारी म्हणते, लेकीकडे जाते, तूप-रोटी खाते, जाडजूड होते, मग खा. वाघाला भूक आहे, म्हातारीला अक्कल आहे, आणि कोणी कोणाला वाईट म्हणत नाही. हिवाळ्यानंतर ऐरोलीच्या खाडीवर रोहित पक्षी येऊन स्थिरावले असतील, तेव्हा ओहोटीची वेळ बघून तिला घेऊन जा. चोच उलटी करून ते चिखलातून काय गाळतात, हे तिला विचारू द्या.

मोठ्याला १२ पूर्ण झाली की मारुती चितमपल्लींचं ‘रानवाटा’ द्या. ‘सत्तांतर’ ही व्यंकटेश माडगूळकरांची वानरांच्या टोळ्यांवरची कादंबरी आणखी तीन-चार वर्षांनी. तिच्यात नवा हुप्या टोळी जिंकल्यावर पिल्लांचं काय करतो ते आहे, आणि ते वानरांमध्ये खरोखर घडतं. तोवर त्यानं न गाळलेली बरीच पानं वाचलेली असतील.